बैलाचे दुखणे ओळखता, तसे घरच्या माणसाचेही ओळखा

(पोट आणि यकृत यांच्या आजारांची लक्षणे : भाषणाचा मजकूर)



सकाळी गोठ्यात पाऊल टाकल्याबरोबर तुमची नजर पहिल्यांदा कुठे जाते? गव्हाणीकडे. रात्री टाकलेली वैरण तशीच पडली असेल, तर तुम्ही जागच्या जागी थबकता. मग बैलाची नाकपुडी बघता, ओली आहे की कोरडी पडली. कानाला हात लावता. रवंथ करतोय का ते बघता. खाली वाकून शेण बघता, पातळ आहे की घट्ट, त्यात आव आहे का, रक्त आहे का. जनावराला बोलता येत नाही, तरी त्याचे दुखणे तुम्हाला पाच मिनिटांत कळते. ही विद्या तुम्हाला कुणी शाळेत शिकवलेली नाही. बापाच्या मागे गोठ्यात उभे राहून ती तुम्ही उचलली.

आता मला सांगा, घरातली बाई चार दिवस अर्धी भाकर टाकून उठतेय, हे तुमच्यापैकी कितीजणांच्या ध्यानात येते? माणसाला तोंड आहे, दुखले-खुपले तर तो सांगेलच, असे आपण धरून चालतो. पण पोटाचे आणि यकृताचे आजार बरेच दिवस मुके असतात. दुसरे असे की परसाकडची गोष्ट बोलायला माणूस लाजतो. म्हातारी माणसे तर मुलांच्या खर्चाला भिऊन गप्प बसतात.

माझ्या घरचेच उदाहरण सांगतो. मी डॉक्टर असलो तरी शेतकऱ्याच्या घरातला आहे. माझ्या वडिलांचे गुडघे दुखायचे. वर्षभर ते दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या आणून, सकाळी उपाशीपोटी चहाबरोबर घेत होते. एके दिवशी बांधावर चढताना त्यांना घेरी आली आणि ते खाली बसले. दवाखान्यात नेले तेव्हा अंगातले रक्त निम्म्यावर आले होते. पोटात व्रण होऊन त्यातून रक्त झिरपत होते. मी विचारले, "दादा, परसाकडे काळं होत होतं का?" ते म्हणाले, "व्हय, तीन आठवडे झालं. उडदाची डाळ खाल्ली म्हणून असंल. त्यात काय सांगायचं?" अन् त्याच तीन आठवड्यांत, वासराच्या शेणाचा रंग बदलला म्हणून याच माणसाने त्याला दोन कोस चालवत जनावरांच्या दवाखान्यात नेले होते! रक्ताच्या तीन बाटल्या चढवल्यावर वडील वाचले. सगळ्यांचे नशीब एवढे बरे नसते. म्हणून आज हा विषय घेतला आहे.

यकृत म्हणजे काय, आणि ते काय करते?

उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली यकृत असते. बकऱ्याचे काळीज म्हणून आपण जे आणतो, तेच माणसाचे यकृत. मोठ्या माणसाचे यकृत सव्वा ते दीड किलोचे असते. आपण खाल्लेले अन्न, प्यालेली दारू, घेतलेले औषध, पोटात गेलेले विष, या सगळ्याचा हिशेब त्याला लावावा लागतो. तेच पित्त तयार करते. हे पिवळे-हिरवे पित्त एका बारीक नळीने आतड्यात उतरते. आपल्या विष्ठेचा पिवळसर तपकिरी रंग येतो तो या पित्तामुळेच.

आता पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पाट मध्येच तुंबला की पाणी फुटून भलत्याच वावरात पसरते, आणि ज्या पिकाला पाहिजे ते कोरडे राहते. तसेच इथे होते. यकृत सुजले किंवा पित्ताची नळी तुंबली, की पिवळा रंग रक्तात पसरतो. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते. नळी पार बंद झाली तर आतड्यात पित्त उतरतच नाही, आणि विष्ठा पांढुरकी, भिजवलेल्या मातीसारखी होते. एवढे ध्यानात ठेवले तर कावीळ ओळखणे अवघड नाही.

कावीळ कशी बघावी?

कावीळ दिव्याच्या उजेडात बघू नका. पिवळ्या बल्बखाली सगळेच पिवळे दिसते. माणसाला दिवसा अंगणात उभे करा. खालची पापणी बोटाने हलकेच ओढा आणि बुबुळाभोवतीचा पांढरा भाग बघा. काळ्या-सावळ्या अंगावर पिवळेपणा लवकर दिसत नाही, डोळ्यात आधी दिसतो.

मग लघवीचा रंग विचारा. उन्हात राबून आलेल्या माणसाची लघवी पिवळी असतेच. त्याला दोन-तीन तांबे पाणी पिऊ द्या आणि पुढच्या वेळी बघायला सांगा. भरपूर पाणी पिऊनही लघवी काळ्या चहासारखी होत असेल आणि डोळेही पिवळे असतील, तर शंका नको.

डोळे पिवळे होण्याआधी चार-सहा दिवस शरीर खुणा देत असते. अन्नावरची वासना उडते. फोडणीच्या वासाने मळमळते. बिडीबहाद्दराला बिडी नकोशी होते. अंगात कसकस, उजव्या कुशीत जडपणा, आणि काम न करताच थकवा. घरातल्या माणसाने ताट मागे सारले, तर गव्हाणीकडे बघता तसे त्या ताटाकडे बघा.

कावीळ हा रोग नव्हे, ती खूण आहे

ही आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट आहे. उसाची पाने पिवळी पडली तर तुम्ही काय करता? कधी नत्र कमी पडलेले असते, कधी लोह कमी पडून केवडा आलेला असतो, कधी पाणी साचून मुळ्या गुदमरलेल्या असतात, तर कधी बुडख्यात हुमणी लागलेली असते. पान पिवळे दिसले म्हणून सगळीकडे एकच पोते टाकून भागत नाही. कावीळीचेही असेच आहे. कारण वेगळे, तसा इलाज वेगळा.

पहिली, पाण्यातून येणारी कावीळ. गटाराचे किंवा विष्ठेचे पाणी पिण्याच्या पाण्यात मिसळले की तिचे विषाणू पोटात जातात. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी शिरले, आणि सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. आपल्याकडे इचलकरंजीत २०१२ साली अशीच मोठी साथ आली होती. एक हिशेब मात्र लक्षात ठेवा. घाण पाणी पोटात गेल्यापासून कावीळ दिसायला दोन ते आठ आठवडे लागतात. म्हणजे आज वस्तीत कावीळ निघाली, तर दोष आजच्या पाण्याला देऊन उपयोग नाही. महिना-दीड महिन्यापूर्वी नळाची लाइन कुठे फुटली होती, विहिरीत पावसाचे पाणी कुठून शिरले होते, ते आठवा. दोन-तीन घरांत एकदम कावीळ दिसली, तर आरोग्यसेवकाला त्याच दिवशी कळवा.

ही कावीळ बहुतेकांची आपोआप बरी होते. त्याला तीन-चार आठवडे, कधी सहा आठवडे लागतात. आणि इथेच आपली फसगत होते. कुणी गळ्यात काविळीची माळ घालतो, कुणी नाकात देवडांगरीचा रस सोडतो, कुणी चुन्याच्या निवळीत हात धुवून पिवळे पाणी काढून दाखवतो. माणूस महिन्याने बरा होतो आणि नाव उतरवणाऱ्याचे होते. हे पिवळे पाणी येते कुठून? आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळून चुन्याच्या निवळीत हात बुडवा, कावीळ नसलेल्या माणसाचेही पाणी पिवळे होते. घरी करून बघा. नाकातून जे पिवळे पाणी गळते, ते नाकाच्या आतले अस्तर त्या रसाने भाजल्यामुळे. आणि माळ लांबते ती दोऱ्याच्या गाठी सैल होतात म्हणून.

तुम्ही म्हणाल, "डॉक्टरसाहेब, माळ घातली तर तुमचं काय बिघडलं?" माळेने काही बिघडत नाही. बिघडते ते वाया गेलेल्या दिवसांनी.

काही वर्षांपूर्वी एका सात महिन्यांच्या गरोदर सुनेला आमच्याकडे आणले. आणले तेव्हा ती नीट ओळख देत नव्हती. सासू रडत सांगत होती, "कावीळ उतरवायला तीन वारी नेली हो. रविवारी, बुधवारी आणि परत रविवारी." पहिल्या रविवारी ती आपल्या पायांनी चालत गेली होती. चार दिवसांनी तिला उलट्या सुरू झाल्या. शेवटचे दोन दिवस ती दिवसा झोपायची आणि रात्री टक्क जागी राहून असंबद्ध बोलायची. "रात्री बडबडते म्हणून आम्हाला वाटलं, बाहेरचं काही असंल," असे नवरा म्हणाला. यकृत निकामी होऊन त्याचा परिणाम मेंदूवर झाला होता. दुसऱ्या दिवशी ती गेली. बाळही गेले. घरची माणसे वाईट नव्हती. तिन्ही वारी बैलगाडीत गादी टाकून त्यांनी तिला जपून नेले होते. फक्त रस्ता चुकला होता.

भगिनींनो, म्हणून नीट ऐका. पाण्यातून येणाऱ्या काविळीचा 'ई' नावाचा प्रकार गरोदरपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत फार घातक असतो. अशा शंभर बायकांतल्या वीस-पंचवीस दगावू शकतात. एरवी घरी पडून बरी होणारी कावीळ गरोदर बाईला झाली, तर एक दिवससुद्धा घरी काढू नका.

दुसरी, तापाबरोबर येणारी कावीळ. भातखाचरात, उसाच्या सरीत, गोठ्याच्या राड्यात अनवाणी काम करणाऱ्यांना लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदीर-घुशींच्या आणि जनावरांच्या मुतातले जंतू साचलेल्या पाण्यात असतात, ते पायाच्या भेगांतून शिरतात. आठ-पंधरा दिवसांत थंडी वाजून ताप येतो, डोके फुटल्यासारखे दुखते, डोळे लाल होतात, आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की हात लावू देत नाहीत. मागाहून डोळे पिवळे होतात, लघवी कमी होते. कोकणातल्या भातकरी बांधवांना हा आजार ठाऊक आहे. मुंबईत २००५ च्या जुलैतल्या महापुरानंतर त्याची मोठी साथ आली होती. वेळेवर गेले तर साध्या, स्वस्त औषधाने तो बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंडे आणि फुप्फुसे निकामी होतात. पायाला जखम असेल तर गमबूट घालूनच चिखलात उतरा. पोटऱ्या दुखून ताप आला तर डॉक्टरांना "मी शेतात पाण्यात काम करतो," हे आपणहून सांगा. मलेरियातही ताप आणि कावीळ एकदम येऊ शकते, म्हणून रक्त तपासून घ्या.

तिसरी, नळी तुंबल्याची कावीळ. पित्ताशयातला खडा नळीत अडकला तर उजव्या बरगडीखाली कळ येते, थंडी भरून ताप येतो, आणि डोळे पिवळे होतात. ही तातडीची बाब आहे. पण कधी कधी काहीच दुखत नाही. कावीळ हळूहळू वाढत जाते, अंगाला रात्रंदिवस खाज सुटते, विष्ठा पांढरी होते आणि वजन उतरते. चाळिशी-पन्नाशीच्या पुढच्या माणसाची अशी न दुखणारी कावीळ साधी समजू नका. नळीत किंवा स्वादुपिंडात गाठ असू शकते.

चौथी, रक्तातून येणारी कावीळ, म्हणजे 'बी' आणि 'सी'. एकाच सुईने अनेकांना टोचणे, न उकळलेली हत्यारे, एकाचा वस्तरा दुसऱ्याला, गोंदणाची सुई, शरीरसंबंध, आणि आईकडून बाळाला, अशा वाटांनी ती पसरते. ती वर्षानुवर्षे अंगात गुपचूप राहते आणि यकृत आतून पोखरते. 'बी'वर लस आहे. बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत तिचा पहिला डोस दिला पाहिजे, आणि सरकारी दवाखान्यात तो फुकट मिळतो. 'सी'वर लस नाही, पण साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी ती बहुतेकांची पूर्ण बरी होते. या दोन्हींच्या तपासणीचा आणि औषधांचा सरकारी कार्यक्रम २०१८ पासून सुरू आहे. मोठ्या सरकारी दवाखान्यात चौकशी करा.

शेतातून आणि घरातून यकृताला लागणारी विषे

उंदीर मारायचे एक मलम मिळते, त्यात पिवळा फॉस्फरस असतो. कुणी रागाच्या भरात खाते, कधी लेकराच्या हाताला लागते. पहिल्या दिवशी उलट्या होतात. मग दोन-तीन दिवस माणूस अगदी बरा दिसतो. घरचे म्हणतात, टळले एकदाचे. आणि त्यानंतर कावीळ येऊन यकृत बसते. त्या बऱ्या दिसणाऱ्या दिवसांना फसू नका. मलम पोटात गेल्याचा नुसता संशय असला तरी माणसाला मलमाच्या डबीसकट ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. आणि ज्याने रागाच्या भरात हे केले, त्याला रागावू नका. त्याच्याजवळ बसा.

दुसरे विष बुरशीचे. १९७४ साली गुजरातच्या पंचमहाल आणि राजस्थानच्या बांसवाडा भागात काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला. मका ओला राहिला, त्यावर बुरशी चढली. गरिबांच्या घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून तोच मका खाल्ला. सुमारे ४०० माणसांना कावीळ झाली, पोटात पाणी भरले, आणि शंभरावर माणसे दगावली. त्याच घरांतल्या भाकरीवर जगणारी कुत्रीसुद्धा मेली. त्या बुरशीच्या विषाला अफ्लाटॉक्सिन म्हणतात. भाजून, शिजवून ते पुरते जात नाही. तेव्हा मका आणि भुईमूग खडखडीत वाळवूनच साठवा. काळवंडलेले, कडवट लागणारे, बुरशी आलेले दाणे घरात ठेवू नका. "माणसांना नको, गाईला घाला," असेही करू नका. ते विष दुधातून परत आपल्याच लेकरांच्या पोटात येते.

तिसरे विष तुम्हाला माहीत आहे, दारूचे. पुष्कळजण म्हणतात, "मी हातभट्टीची घेत नाही, सीलबंद घेतो." दारू देशी असो की विदेशी, यकृताला मारणारा मद्यार्क सगळ्यांत एकच. यकृत सहसा दुखत नाही. त्याचा बराचसा भाग खराब होईपर्यंत माणूस ठणठणीत दिसतो. मग संध्याकाळी पायावर सूज येते, बोटाने दाबले तर खळगा पडतो. हातपाय काडीसारखे होतात आणि पोट नगाऱ्यासारखे फुगते. हाताची बोटे थरथरतात. एक दिवस रक्ताची उलटी होते. पायावर सूज दिसली त्याच दिवशी दारू सोडली आणि उपचार घेतले, तर पुष्कळांचे यकृत सावरते. रोज पिणाऱ्याने एकदम सोडताना हातपाय कापू लागले, भास होऊ लागले, तर दवाखान्यातच ठेवावे. आणि न पिणाऱ्यांनीही गाफील राहू नये. मधुमेह आणि वाढलेले वजन असणाऱ्यांच्या यकृतात चरबी साठते, तीही पुढे यकृत खराब करते.

पोटाची लक्षणे, जी थांबत नाहीत

विष्ठा डांबरासारखी काळी, चिकट आणि उग्र वासाची होत असेल, तर वरच्या पोटात रक्त झिरपते आहे असे समजा. रक्तवाढीच्या लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, पण ती डांबरासारखी चिकट नसते. उपाशीपोटी अंगदुखीच्या गोळ्या खाणारे, तंबाखू आणि दारूवाले यांनी विशेष जपावे. पोटातल्या व्रणाला बऱ्याचदा एक जंतूही कारण असतो. तो पंधरा दिवसांच्या औषधाने जातो. वर्षानुवर्षे सोडा पिऊन दिवस ढकलायचे कारण नाही.

लाल रक्त पडले की आपण म्हणतो, मूळव्याध. बहुतेकदा ती असतेही. पण चाळिशीनंतर परसाकडची सवय बदलली, कधी बद्धकोष्ठ, कधी जुलाब, सोबत रक्त आणि वजन उतरणे असेल, तर आतडे तपासून घ्या. तसेच घास अडकण्याचे आहे. आधी भाकरी अडकते, म्हणून माणूस ती दुधात कुस्करून खातो. मग भात अडकतो. मग पेजेवर येतो. भाकरी अडकली त्याच वेळी या, पेजेवर येईपर्यंत थांबू नका.

एकाएकी कळ आली, तर काय करावे? दुखणे बेंबीपाशी सुरू होऊन काही तासांनी उजव्या ओटीपोटात स्थिरावले, तर आंत्रपुच्छ सुजल्याची शक्यता असते. पोट फुगले, उलट्या होतात आणि ना शौच होते ना वारा सरतो, तर आतडे अडकलेले असू शकते. अशा वेळी बेंबी सरकली म्हणून पोट चोळू नका. एरंडेल पाजू नका. लेकरांच्या पोटाला चटके तर कधीच देऊ नका. सुजलेले आंत्रपुच्छ चोळण्याने आणि रेचकाने फुटते. आणि छातीच्या मधोमध दाबल्यासारखे दुखून घाम फुटला, तर "पित्त उसळलं" म्हणत बसू नका, ते हृदयाचे असू शकते.

जुलाबाचे थोडक्यात सांगतो. जुलाबात माणूस मरतो तो अंगातले पाणी आटल्यामुळे. डोळे खोल गेले, जीभ कोरडी पडली, लघवी होईना, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच पूर्ववत होईना, तान्ह्याची टाळू खोल गेली, या त्याच्या खुणा. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बोनगाव येथील छावणीत पटकीची साथ आली. सलाइन संपले, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पाजायला सुरुवात केली. शंभरात तीसच्या आसपास मरत होते, ते प्रमाण चारच्या खाली आले. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, एवढेच. आरोग्य केंद्रात याची पुडी मिळते. दर जुलाबामागे थोडे थोडे पाजा. आईचे दूध आणि जेवण थांबवू नका.

काविळीत खावे काय?

हळद-तेल बंद करून नुसत्या चुरमुऱ्या-फुटाण्यांवर आणि उसाच्या रसावर माणसाला ठेवायची चाल आहे. आजारी यकृताला उपाशी ठेवून ते बरे होत नाही. भूक असेल तसे साधे घरचे जेवण द्या. वरण-भात, भाकरी, ताक, फळे चालतात. मळमळत असेल तर तेलकट टाळा आणि थोडे थोडे चार वेळा द्या. गाड्यावरचा रस आणि बर्फ नको, कावीळ पसरवणारे पाणी बऱ्याचदा त्यातूनच येते. दारूचा थेंबही नको. दुकानातून विचारून आणलेली गोळी नको, मग ती तापाची असो की काविळीची. पाणी उकळून द्या आणि परसाकडून आल्यावर साबणाने हात धुवा.

आता शेवटी कागदावर उतरवून घ्या, आणि गोठ्याच्या खांबाला लावा. कावीळ असलेल्या माणसात यातले एकही लक्षण दिसले तर वाट बघू नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा :

• बाई गरोदर आहे.
• असंबद्ध बोलणे, दिवसा झोप आणि रात्री जाग, किंवा हाक मारल्यावर नीट ओ न देणे.
• उलट्या थांबत नाहीत, पाणीही ठरत नाही.
• नाकातून, हिरड्यांतून रक्त, रक्ताची उलटी, डांबरासारखी काळी विष्ठा.
• थंडी वाजून ताप, पोटात जोराची कळ, किंवा लघवी फार कमी.
• पोट फुगणे, पायावर सूज.
• विष्ठा पांढरी, अंगाला खाज, किंवा चार आठवडे होऊनही कावीळ उतरत नाही.
• जन्मल्यावर पहिल्याच दिवशी पिवळे झालेले किंवा तळपायापर्यंत पिवळे झालेले बाळ.

मंडळी, मी तुम्हाला नवीन विद्या शिकवायला आलो नाही. बघायची नजर तुमच्याजवळ आहेच. गव्हाणीकडे बघता तसे ताटाकडे बघा, शेणाचा रंग बघता तसा स्वतःच्या आणि म्हाताऱ्यांच्या परसाकडचा रंग विचारा, लाजू नका. बैल आजारी पडला तर हंगाम बुडतो, हे आपल्याला कळते. घरातले माणूस गेले तर तो हंगाम परत येत नाही.

माझे वडील त्यानंतर अकरा वर्षे जगले. रोज सकाळी गोठ्यातून आले की आईला विचारायचे, "आज जेवलीस का गं नीट?" आई हसून म्हणायची, "मी काय तुमची म्हैस हाय व्हय?" ते म्हणायचे, "म्हशीला विचारतो, तर तुला का न विचारू?"

आज घरी गेल्यावर तुम्हीही एवढे विचारा.